विश्लेषण : आपल्याच संगीतावर संशोधन करायला परदेशी जायचे आहे, अर्ज कसा करायचा आणि पैसे कोण देणार?

परदेशी विद्यापीठांच्या पीएचडी अर्जांच्या मुदती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून संपू लागतात. कॉम्प्युटर सायन्सचा अर्ज कसा भरायचा हे सांगणारे गल्लोगल्ली सापडतात. पण एखाद्याने ‘मला लावणीच्या गायकीवर संशोधन करायचे आहे’ असे सांगितले, तर कन्सल्टन्सीवालेही क्षणभर गप्प होतात. वास्तविक हा रीतसर विद्यापीठीय विषय आहे. त्याचे नाव म्युझिकॉलॉजी, म्हणजे संगीतशास्त्र. त्यात प्रवेश मिळाला तर पाच-सहा वर्षे फी माफ आणि वर विद्यावेतन, अशी सोय अमेरिकेत आजवर अनेकांना मिळाली. यंदा मात्र तिथल्या जागा आटल्या आहेत, ब्रिटनमध्ये संगीत विभागांवर कुऱ्हाड आली आहे आणि आपल्याकडच्या एका मोठ्या सरकारी शिष्यवृत्तीत याच विद्यार्थ्यांना अडवणारे एक कलम आहे.

संगीतशास्त्र म्हणजे गाणे शिकणे नव्हे?

नव्हे. सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. गायन-वादनाच्या उच्च शिक्षणाला परदेशात ‘परफॉर्मन्स’ म्हणतात आणि तिथे तुमचे गाणे ऐकून प्रवेश देतात. संगीतशास्त्रात संगीताबद्दलचे संशोधन असते. संगीत कुठून आले, कोणी जपले, कोणाला गाऊ दिले नाही, ध्वनिमुद्रणाने त्यात काय बदलले, असे प्रश्न तिथे विचारले जातात. ऑस्ट्रियाचे ग्विडो आडलर यांनी १८८५ मध्ये या विषयाची आखणी केली. पुढे १९५० मध्ये डच अभ्यासक याप कुन्स्ट यांनी ‘एथ्नोम्युझिकॉलॉजी’ हा शब्द रूढ केला. समाजात राहून, माणसांशी बोलून संगीताचा अभ्यास करायचा, ही त्या शाखेची पद्धत. भारतीय संगीतावर काम करू पाहणारे बहुतेक अर्जदार याच शाखेत जातात.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील होते. त्यांनी देशभर फिरून बंदिशी गोळा केल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. अशोक दा. रानडे यांनी मुंबई विद्यापीठाचे संगीत केंद्र उभे केले आणि ‘लोकसंगीतशास्त्र’ नावाचे पुस्तकच लिहिले. विज्ञान आणि कायद्याच्या पदव्या घेतलेल्या प्रभा अत्रे यांनी सरगम या विषयावर डॉक्टरेट केली. दुसऱ्या शाखेतून इकडे येणे ही आपल्याकडची जुनीच वाट आहे.

अर्जात काय पाहतात?

कटऑफ नसतो. इंजिनीअरिंगच्या कॅप राऊंडची सवय असलेल्यांना हे पचायला वेळ लागतो. अर्ज विभागातले चार-पाच प्राध्यापक वाचतात आणि त्यांच्यापुढे एकच सवाल असतो : या माणसाला पुढची सहा वर्षे पुरेल असा प्रश्न पडला आहे का? जीआरईची अट बहुतेक संगीत विभागांनी काढून टाकली आहे. टोफेल किंवा आयईएलटीएस लागते, पण त्यातला जास्तीचा अर्धा गुण कोणाला तारत नाही.

तारतो तो एसओपी, म्हणजे उद्देशपत्र. ‘मला लहानपणापासून संगीताची आवड आहे’ हे पहिले वाक्य असलेली पत्रे समितीने शेकड्याने वाचलेली असतात. ‘मला नाट्यसंगीताचा अभ्यास करायचा आहे’ हेही पुरत नाही; तो विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘गावोगावच्या हौशी नाट्यमंडळींनी ऑर्गन सोडून कीबोर्ड घेतला, तेव्हा पदे गाण्याच्या पद्धतीत काय बदलले?’ हा प्रश्न आहे. त्याला जागा आहे, माणसे आहेत, काळ आहे आणि त्याचे उत्तर आज कोणापाशी तयार नाही. असा प्रश्न सुचायला मराठी यावे लागते, गाव माहीत असावे लागते. इथे आपला अर्जदार न्यूयॉर्कमधल्या अर्जदाराच्या पुढे असतो आणि बऱ्याचदा त्याला ते ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे लेखनाचा नमुना. साधारण १५ ते २५ पानांचा, स्वतः केलेला, संदर्भांसह लिहिलेला निबंध बहुतेक विभाग मागतात. आपले विद्यार्थी सर्वाधिक अडतात ते इथे. आपल्या संगीताच्या पदवी परीक्षांत रागाची माहिती लिहायची असते, तालाच्या लयकारी लिहायच्या असतात; युक्तिवाद करायचा नसतो. इंजिनीअरची स्थिती त्याहून बिकट. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट, त्यातली सर्टिफिकेटची पाने वजा केली तर उरते काय, हे ज्याने तो केला त्याला माहीत असते. त्यामुळे निबंध नव्यानेच लिहावा लागतो आणि त्याला सहा महिने तरी द्यावे लागतात. नोव्हेंबरात सुरुवात केली तर त्या वर्षीचा अर्ज विसरावा.

तिसरी, शिफारसपत्रे. सहसा तीन लागतात. ज्या गुरूंकडे दहा वर्षे तालीम घेतली त्यांचे एक पत्र चांगलेच; संगीताशी नाते किती खोल आहे ते त्यातून कळते. पण उरलेली दोन तुमचे वाचन, लेखन आणि शोधक वृत्ती पाहिलेल्या माणसांची हवीत. कॉलेजच्या प्राचार्यांचे लेटरहेडवरचे ‘विद्यार्थी अत्यंत शिस्तप्रिय आहे’ छापाचे पत्र वजन कमीच करते. आणखी एक गोष्ट वेळीच माहीत असावी : विशारद किंवा अलंकार या परीक्षा पदवीच्या जागी धरल्या जातील असे गृहीत धरू नका. पदवी वेगळी लागते. तीन वर्षांची पदवी काही ठिकाणी अपुरी मानतात, तिथे चार वर्षांचे बीई उलट सोयीचे पडते.

शेवटी, मार्गदर्शक कोण हे पाहून विद्यापीठ निवडायचे असते, क्रमवारी पाहून नाही. मराठी कीर्तन आणि राष्ट्रवाद यांवर अ‍ॅना शुल्ट्झ यांचे २०१३ चे पुस्तक आहे. हिंदुस्थानी संगीतातल्या लय-तालावर मार्टिन क्लेटन यांचे काम आहे. शुल्ट्झ शिकागोत आणि क्लेटन ब्रिटनमधील डरहॅम विद्यापीठात शिकवतात. तुमचा प्रश्न ज्याला समजेल असा एकही माणूस त्या विभागात नसेल, तर नाव कितीही मोठे असले तरी अर्ज वाया जातो.

मग यंदा दारे अरुंद का झाली?

शिकागो विद्यापीठाने ऑगस्ट २०२५ मध्ये कला आणि मानव्य विभागातल्या जवळपास सगळ्या पीएचडी प्रवेशांना २०२६-२७ या वर्षासाठी विराम दिला. अपवाद मोजके ठेवले. संगीतात तो रचना शिकवणाऱ्या शाखेपुरता आहे. म्हणजे मराठी कीर्तनावर काम केलेल्या प्राध्यापिका जिथे आहेत, तिथे त्यांच्या हाताखाली नवा विद्यार्थी या फेरीत येणे अवघड. हार्वर्डने कला आणि मानव्य विद्यांतल्या पीएचडी जागा पुढच्या दोन वर्षांसाठी सुमारे ६० टक्क्यांनी घटवल्याचे वृत्त तिथल्या ‘क्रिमसन’ या विद्यार्थी दैनिकाने ऑक्टोबरमध्ये दिले.

ट्रम्प प्रशासनाने कपात केली ती मुख्यतः विज्ञान आणि वैद्यकीय संशोधनाच्या निधीत. त्याचा फटका संगीताला कसा? कारण संगीताच्या पीएचडीचा खर्च बाहेरच्या प्रकल्पांतून येत नाही. तो विद्यापीठाच्या स्वतःच्या तिजोरीतून, म्हणजे मुख्यतः देणग्यांच्या ठेवींवरच्या उत्पन्नातून होतो. प्रयोगशाळांचा निधी आटला की विद्यापीठ तीच तिजोरी तिकडे वळवते. त्यात जुलै २०२५ च्या कायद्याने सर्वांत श्रीमंत विद्यापीठांच्या ठेवींच्या उत्पन्नावरचा कर १.४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांपर्यंत नेला.

सगळे खापर वॉशिंग्टनवर फोडता येणार नाही. बोस्टन विद्यापीठात संशोधक विद्यार्थ्यांनी २०२४ मध्ये सुमारे सात महिने संप केला आणि पीएचडीचे किमान विद्यावेतन वर्षाला ४५ हजार डॉलरपर्यंत नेले. थोड्याच दिवसांत विद्यापीठाने मानव्य आणि सामाजिक शास्त्रांतल्या डझनभर पीएचडी अभ्यासक्रमांचे प्रवेश एका वर्षासाठी थांबवले आणि त्यामागे या कराराचा वाढीव खर्चही असल्याचे सांगितले. विद्यार्थ्याला जगण्यापुरते पैसे दिले की विद्यार्थ्यांची संख्या कमी करायची, असे हे गणित झाले. शिकागोचे कर्ज आणि तूटही ट्रम्प यांच्या आधीपासूनची आहे.

ब्रिटनमध्ये कारण वेगळे, परिणाम तोच. तिथली विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर तगून आहेत आणि ते विद्यार्थी मुख्यतः व्यवस्थापन आणि संगणकाकडे जातात. लहान विभाग आधी कापले जातात. ऑक्सफर्ड ब्रूक्सने संगीत विभाग बंद करण्याचे २०२३ मध्ये ठरवले, कार्डिफने जानेवारी २०२५ मध्ये तसा प्रस्ताव आणला आणि नॉटिंगहॅमने नोव्हेंबर २०२५ मध्ये संगीताचे नवे प्रवेश थांबवले.

व्हिसाचा मुद्दाही या विषयाला जास्त बोचतो. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रम संपेपर्यंत राहता येते. ती मुदत जास्तीत जास्त चार वर्षे करण्याचा प्रस्ताव ऑगस्ट २०२५ मध्ये आला. दोन वर्षांच्या एमएसला त्याने फरक पडत नाही. पण एथ्नोम्युझिकॉलॉजीच्या पीएचडीत एक वर्ष तर फिल्डवर्कमध्येच जाते आणि सहा-सात वर्षे सहज लागतात. प्रस्ताव लागू झाला, तर मधेच मुदतवाढीची टांगती तलवार येईल.

सरकारी शिष्यवृत्तीतले ते कलम कोणते?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाची ‘नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप’ अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्या मुलांना परदेशी मास्टर्स आणि पीएचडीसाठी मिळते. वर्षाला १२५ जागा. त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये. फी, निर्वाह भत्ता, विमान प्रवास असा जवळपास सगळा खर्च त्यात निघतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये या योजनेची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे आली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय त्यांत वगळण्यात आले. मंत्रालयाची भूमिका अशी की, भारतावरच्या संशोधनाची साधने आणि तज्ज्ञ भारतातच आहेत. मर्यादित जागा इथे न शिकवल्या जाणाऱ्या विषयांना द्याव्यात.

आता हे कलम आणि वरचा अर्ज शेजारी ठेवून पाहा. विद्यापीठाच्या समितीला हवा आहे तुमच्या गावातला, तुमच्या भाषेतला, तुम्हालाच सुचू शकणारा प्रश्न. आंबेडकरी जलशाचा, हलगीचा, गोंधळाचा, शाहिरीचा. आणि शिष्यवृत्तीला नेमका तोच प्रश्न नको आहे. तुम्ही बाख किंवा बीथोव्हेनवर काम करणार असाल, तर हे कलम आड येत नाही. पण पुण्या-मुंबईत पियानोचे शिक्षण कोणाच्या घरात परवडते, हे सांगायला नको. ज्यांच्या वाडवडिलांनी ही गाणी गायली, त्यांनाच ती गाणी अभ्यासायला पैसे नाहीत. ती अभ्यासणार कोण, तर ज्याच्याकडे स्वतःचे पैसे आहेत किंवा ज्याचा पासपोर्ट वेगळा आहे तो.

मंत्रालयाचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे १९८२ मध्ये स्थापन झालेले एथ्नोम्युझिकॉलॉजी संग्रहालय आता गुरुग्राममध्ये आहे आणि तिथे खरोखर मोठा खजिना आहे. पण ते उभे राहिले कशासाठी? परदेशी अभ्यासकांनी भारतात केलेली ध्वनिमुद्रणे त्यांच्यासोबत बाहेर गेली होती, त्यांच्या प्रती परत आणण्यासाठी. अर्नोल्ड बाके या डच अभ्यासकाने १९३० च्या दशकात इथे केलेल्या मुद्रणांचा मोठा साठा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ‘साधने इथेच आहेत’ हे विधान आणखी कुठल्या विषयात खरे असेल. संगीतात ते अर्धेच खरे आहे.

आणि परदेशी जाऊन भारतावर काम करणे ही काय नवी खोड आहे? सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेलेल्या बाबासाहेबांनी तिथे वाचलेला निबंध भारतातल्या जातींवर होता. कोलंबियाचा पीएचडी प्रबंध ब्रिटिश भारताच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर आणि लंडनचा डीएससीचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर. अलीकडचे उदाहरण शैलजा पाईक यांचे. येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या पाईक यांनी ब्रिटनच्या वॉरिक विद्यापीठातून पीएचडी केली. त्या इतिहासकार आहेत. तमाशातल्या दलित स्त्रियांवरचे त्यांचे पुस्तक २०२२ मध्ये आले आणि २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

जे विषय बसतात त्यांच्याही बाबतीत ही शिष्यवृत्ती निश्चिंत राहू देत नाही. २०२५-२६ साठी १०६ जण निवडले गेले, पण सुरुवातीला पत्रे ४० जणांनाच मिळाली. उरलेल्यांना निधी उपलब्ध होईल तसे कळवू, असे सांगण्यात आले.

विषयाचे नाव फिरवून अर्ज करावा का, हा प्रश्न येतोच. संशोधन पद्धतीवर भर देऊन किंवा दोन देशांची तुलना घालून प्रस्ताव वेगळा लिहिता येतो आणि तसा तो खरोखरच करायचा असेल तर हरकत नाही. विद्यापीठाला एक प्रस्ताव आणि मंत्रालयाला दुसरा, हे मात्र महागात पडू शकते. दोन्ही कागद तुमच्याच नावावर असतात.

दुसरे पर्याय कोणते?

अमेरिकेची पीएचडी मिळाली तर या शिष्यवृत्तीची गरजच पडत नाही. विद्यापीठच खर्च करते. पेच आहे तो मास्टर्सचा. लेखनाचा नमुना तयार नाही, संगीतशास्त्र कधी शिकलेलो नाही, अशांसाठी ब्रिटनचे एका वर्षाचे मास्टर्स हा पूल असतो आणि त्याची फी साधारण २० ते ३० हजार पौंड, म्हणजे २४ ते ३५ लाख रुपये पडते. कर्ज काढून हे करू नये, असे स्पष्ट म्हणायला हवे. संगणकाच्या पदवीवर ते कर्ज फिटण्याची शक्यता तरी असते. त्याऐवजी ऑक्सफर्ड, सोआस आणि रेडिंगसाठीची फेलिक्स शिष्यवृत्ती किंवा कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती पाहावी. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी आहे, पण सर्व शाखा मिळून जागा ७५. प्रत्येक योजनेची त्या वर्षीची तत्त्वे मुळातून वाचा. कन्सल्टन्सीच्या रीलवर विसंबू नका.

जर्मनीत बहुतेक राज्यांत फी नाही, हे इंजिनीअर मित्राकडून ऐकलेले खरे आहे. पण त्याचे एमएस इंग्रजीत होते. जर्मनीतले संगीतशास्त्र मुख्यतः जर्मनमध्ये चालते, म्हणजे भाषेची दोन वर्षे आधी. शिवाय वर्षाचे ११,९०४ युरो बँकेत अडकवून दाखवावे लागतात.

भारतातच करायचे तर नेटमध्ये संगीत हा विषय आहे. जेआरएफ मिळाली तर महिना ३७ हजार रुपये आणि घरभाडे भत्ता. मुंबई विद्यापीठ, एसएनडीटी, पुण्याचे ललित कला केंद्र अशी ठिकाणे आहेत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीलाही पात्र ठरता येते. अडचण पुढची आहे : मार्गदर्शक मोजके, त्यांच्याकडच्या जागा त्याहून मोजक्या आणि पीएचडीनंतर अनेक कॉलेजांत वाट्याला येते ती तासिका तत्त्वावरची नेमणूक.

इंजिनीअरना एक आडवाट आहे. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात २०११ पासून काही वर्षे ‘कॉम्पम्युझिक’ हा प्रकल्प चालला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीतासह पाच परंपरांचे संगणकीय विश्लेषण त्यात झाले. त्यात आयआयटी मुंबई आणि आयआयटी मद्रासही होते. स्वर ओळखणारा अल्गोरिदम लिहिणाऱ्याला मींड म्हणजे काय ते कळत असेल, तर अशा प्रयोगशाळेत त्याला मागणी असते. तिथे निधी संगणकशास्त्राचा असतो आणि प्रश्न संगीताचा.

या फेरीत अर्ज करणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

अर्जाचे शुल्क प्रत्येकी साधारण ७५ ते १२५ डॉलर. आठ ठिकाणी केले तर ७० हजार रुपये सहज जातात. अनेक विद्यापीठे आर्थिक अडचण असणाऱ्यांना शुल्क माफ करतात, पण मुदतीच्या आधी काही दिवस मागावे लागते. विभागाला आधी एक ईमेल पाठवा : या वर्षी संगीतशास्त्रात नवे विद्यार्थी घेणार आहात का, आणि किती? यंदा हा प्रश्न आगाऊ वाटणार नाही. वेबसाइटवर जुनीच माहिती राहिलेली असू शकते आणि बंद दारावरही शुल्क भरले जाऊ शकते.

निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांच्या आपसातल्या ठरावानुसार विद्यावेतनासह आलेल्या प्रस्तावाला होकार-नकार कळवायला १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. त्याआधी कोणी सहीची घाई करत असेल तर ही तारीख दाखवून मुदत मागता येते. प्रतीक्षा यादी हलते तीही त्याच आठवड्यात.